तिसऱ्या मजल्यावरचं कपाट

स्वप्नील, तो मोबाईल आधी बंद कर. बंद नको तर निदान आवाज तुझ्यापुरता ठेव. साडेदहा वाजून गेलेत, समोरच्या खोलीत तान्हं मूल आहे. तुला ऐकू येत नसेल, त्याच्या आईला येतं. आणि आकांक्षा, तू जिन्याच्या मधोमध बसलीयेस, जरा कडेला सरक. वर जाणारा माणूस तुला ओलांडून कसा जाईल?

मी रागावून सांगत नाहीये. रागवायचं वय गेलं. चाळीच्या कमिटीत वीस वर्षं काढली. बोर्ड लिहिले, हात जोडले, भांडलोसुद्धा. आता नुसता कंटाळा येतो. बोलायचं म्हटलं तरी दमायला होतं. पण तुम्ही भुताची गोष्ट मागितलीत, आणि माझ्याकडे खरी अशी एकच आहे.

इथे काळाचौकीला मुलीकडे येण्याआधी मी घोडपदेवला राहायचो. तीन मजली चाळ, मी दुसऱ्या मजल्यावर. माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, जिना संपला की पहिली खोली कायतानची. कायतान म्हणजे माझा दोस्त. मुंबईचा मूळचा ख्रिश्चन, मराठी माझ्यापेक्षा चोख. आम्ही दोघांनी एका छापखान्यात सव्वीस वर्षं काढली. त्याची बायको व्हायोला, तिला दमा. एकुलती मुलगी मेलानी.

दोन हजार तेवीस साली, ईस्टर झाल्यावर, मेलानीचा साखरपुडा ठरला. म्हणून कायतानने खोलीला रंग काढला. रंगाच्या वेळी लोखंडी कपाट बाहेर गॅलरीत आणून ठेवलं, दार आणि जिना यांच्या मधल्या भिंतीला लावून. मला म्हणाला, "रामू, चार दिवसांसाठी रे."

रंग झाला, साखरपुडा झाला, मेलानी लग्न होऊन वसईला गेली. कपाट तिथेच. आत कपाटाच्या जागी व्हायोलासाठी उंच डोक्याची खाट आली होती, कारण तिला आडवं झालं की श्वास लागायचा. तेव्हा कायतानलाही नावं ठेवता येत नाहीत. एकशे ऐंशी फुटांत माणूस ठेवेल तरी काय काय. पण गॅलरी किती रुंद? दोन माणसं कशीबशी शेजारून जातील एवढी. कपाट ठेवल्यावर उरली एका माणसाची वाट, तीही तिरकं होऊन.

कुणी काही बोललं नाही. बोलणार कोण? कुणाचं चपलांचं स्टँड बाहेर, कुणाचं वॉशिंग मशीन, कुणाची सायकल. माझं स्वतःचं पाण्याचं निळं पिंप दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी होतं. कायतानला कपाट हलव म्हणायचं तर आधी पिंप उचलावं लागलं असतं. मी गप्प बसलो. याची मला लाज वाटते, ती अजून गेलेली नाही.

त्याच गॅलरीच्या शेवटच्या खोलीत शिवानाना राहायचे. मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले, फार सालस माणूस. बायको रखमा, मूलबाळ नाही. नोव्हेंबरात एका रात्री नानांच्या छातीत कळ आली. आमच्या चाळीत जिन्यावर स्ट्रेचर वळत नाही, म्हणून आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं, ही पद्धत. प्लास्टिकची खुर्ची काढली. मागच्या डाव्या पायाला मी होतो. खालती ॲम्ब्युलन्स उभी.

गॅलरीभर सगळ्यांची सामानं लाथेने सरकवत आलो, आणि कपाटापाशी अडकलो.

खुर्ची जाईना. आडवी जाईना, तिरकी जाईना. कायतान लुंगीवरच धावत बाहेर आला. सगळ्यांनी जोर लावला, पण कपाट कपड्यांनी गच्च भरलेलं, त्यात त्याचा एक पाय फुटक्या लादीत रुतलेला. ते हलेना. आम्ही एकमेकांवर ओरडत होतो. नाना मात्र खुर्चीत घामाने निथळत बसलेले. बसमध्ये शेजाऱ्याला म्हणावं तसं म्हणाले, "वायच बाजूक घेतंस काय, कायतान?"

वायच म्हणजे थोडंसं. एवढंच म्हणाले ते.

शेवटी नानाच उठले. "रवांदे रे, मी चलतंय," राहू दे, मी चालतो, असं म्हणून कपाटाला छाती घासत, तिरके होऊन त्या फटीतून पलीकडे गेले. पुढे खुर्चीतून खाली नेलं. हॉस्पिटलच्या दाराशी पोचलो तेव्हा संपलं होतं.

डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. हे त्यांनी चांगुलपणाने सांगितलं असेल.

तेरावं झालं. रखमा खोलीला कुलूप लावून गावी गेली. कायतानला कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि त्यानेही कपाट हलवलं नाही. तुम्हाला वाटेल, काय निगरगट्ट माणूस. तसं नव्हतं. हलवलं असतं तर सगळ्यांसमोर कबूल केल्यासारखं झालं असतं. तो रोज त्या फटीतून मान खाली घालून जायचा. ख्रिसमसला त्याच्या खोलीबाहेर कंदीलसुद्धा लागला नाही.

आता त्या रात्रीचं. कायतानने मला सांगितलं तसंच सांगतो, शेवटचं तेवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं.

दोन हजार चोवीस, फेब्रुवारीची नऊ तारीख, शुक्रवार. अमावास्या होती. कायतानला अमावास्येचं काय, ते मी नंतर कॅलेंडरात पाहिलं. हवेत धुरकट गारठा होता. रात्री एकच्या सुमारास व्हायोलाला धाप लागली. दम्याचा पंप तोंडाला लावला तर रिकामा. कायतानने तिला उशा देऊन बसवलं, म्हणाला, "वीस मिनिटांत येतो." शर्ट चढवून निघाला. भायखळ्याच्या बाजूला रात्रभर उघडं असणारं औषधांचं दुकान आहे, तिथवर चालत गेला. आधी एक म्हातारी सुटे पैसे शोधत उभी, मग दुकानदाराला पंप सापडेना. मिळाला एकदाचा. परत येऊन चाळीचा जिना चढला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिसऱ्या मजल्यावर आला. गॅलरीतला दिवा गेलेला. सगळी दारं बंद. जिन्यावरूनच त्याला व्हायोलाचा श्वास ऐकू आला. शिट्टीसारखा, बारीक.

तो कपाटाकडे वळला. कपाटाच्या पलीकडे त्याचं दार. चार पावलं.

आणि पलीकडून आवाज आला. लादीवर खुर्ची टेकवल्याचा.

प्लास्टिकच्या खुर्चीचा आवाज आपण सगळे ओळखतो. त्यामागून माणसांचे श्वास. ओझं उचलून आणल्यावर लागते तशी धाप, तीन-चार जणांची. कायतानला वाटलं, कुणालातरी खाली नेतायत. तो सवयीने मागे सरला. आजारी माणूस आधी.

कुणी आलं नाही.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

नुसते श्वास...

त्याने मोबाईलचा उजेड फटीत टाकला. लादी दिसली. कठडा दिसला. खुर्ची नव्हती. माणसं नव्हती. श्वास होते.

आतून व्हायोला खोकली. मग खोकलाही थांबला.

कायतान तिरका होऊन फटीत शिरला. एक पाऊल. पुढचं टाकता येईना. समोर कुणीतरी होतं. हाताला लागत नव्हतं, पण होतं. अंगाची ऊब लागत होती. घामाचा वास येत होता.

तो मागे आला.

तेव्हा आवाज आला. खालच्या उंचीवरून. बसलेल्या माणसाचा.

"वायच बाजूक घेतंस काय, कायतान?"

...

कायतान मला म्हणाला, "रामू, नाना रागात असते तर मी पळून गेलो असतो. राग नव्हता रे. खूप वेळा विचारून दमलेल्या माणसाचा आवाज होता तो."

तो हात जोडून म्हणाला, "नाना, व्हायोलाला पंप द्यायचाय. मला आधी जाऊ द्या."

तो पुन्हा म्हणाला, "नाना, ती मरेल."

पुन्हा तेच. तसंच हळू. "वायच बाजूक घेतंस काय?"

त्याने पंप खिशात टाकला. कपाटाला हात घातला. जिन्याकडे ओढलं. हललं नाही. पुन्हा ओढलं. नाही. मग त्याने कपाट उघडलं आणि एकेक कप्पा खाली ओतला. मेलानीच्या लग्नातली साडी, व्हायोलाचे रविवारचे फ्रॉक, चादरी, कोट, सगळं जिन्याच्या तोंडाशी जमिनीवर. नोव्हेंबरात आम्हा चौघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

रिकामं कपाट. तरी तो पाय लादीत.

तो रडत होता. ओढत होता.

आणि पलीकडून कुणीतरी ढकललं.

पाय सुटला. कपाट घसरत जिन्याजवळच्या कोपऱ्यात आलं. वाट मोकळी झाली. कायतान कपाटाला पाठ लावून, अंग चोरून उभा राहिला.

खुर्ची उचलल्याचा आवाज.

अनवाणी पावलं. जवळ आली. त्याच्यासमोरून गेली. श्वास... श्वास... आणि मधोमध एक अगदी मंद श्वास. त्याच्यासमोर तो क्षणभर थांबला.

"चल रे, येतंय," निघताना निरोप घ्यावा तसं, एवढं ऐकू आलं.

मग पावलं जिना उतरू लागली. सावकाश. दुसऱ्या मजल्यावर ती अडखळली, आणि पिंप वाजलं. माझं पिंप. मी झोपेत कूस बदलली असेन. मग पुन्हा पावलं. मग काही नाही.

उचलत कोण होतं, ते मला विचारू नका. आम्ही चौघे तर आपापल्या घरी झोपलो होतो.

कायतान आत धावला. व्हायोला उशांना टेकून बसलेली. ओठ काळेनिळे, पण श्वास चालू होता. त्याने पंप दिला. एकदा, दोनदा. दहा मिनिटांनी तिला बोलता आलं.

"किती वेळ लावलास," ती म्हणाली. "नाना होते म्हणून मी राहिले."

कायतान तिच्या पाठीमागची उशी सरळ करत होता.

"भिंतीच्या पलीकडून बोलत होते. म्हणाले, येतलो तो, येईलच, वाटेत अडाकलो हा, तू हळू हळू श्वास घे. माझ्याबरोबर मोजत होते." मग तिने डोळे मिटले. "त्यांना आत तरी बोलवायचंस. किती दिवसांचे बाहेर बसलेत, दमलेत रे."

नाना गेले हे तिला माहीत होतं. मातीला ती स्मशानाच्या फाटकापर्यंत आली होती. त्या घटकेला ती विसरली असेल. सकाळी तिला यातलं काही आठवलं नाही.

साडेसहाला कायतान माझ्या दाराशी आला. रात्रभर झोपला नव्हता. उंबऱ्यात बसूनच त्याने सगळं सांगितलं. मी म्हटलं, तुझ्या मनाला लागलंय ते, दमला आहेस, चहा घे. तो म्हणाला, "चहा नको. वर चल."

गेलो. जिन्याच्या तोंडाशी कपड्यांचा ढीग, कोपऱ्यात कपाट. जिथे कपाट होतं तिथल्या भिंतीवर त्याच्या मापाचा चौकोन उमटलेला. आतला निळा रंग तसाच, कडेने जळमटं. दहा महिने ते कपाट भिंतीला असं चिकटून होतं की मागे माझं बोट गेलं नसतं.

त्या चौकोनात, खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाचं डोकं येईल एवढ्या उंचीवर, तेलाचा गोल डाग होता. म्हातारी माणसं वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून बसली की भिंतीला पडतो तसला.

मी म्हटलं, "जुना असेल."

कायतानने माझा हात धरला आणि डागावर टेकवला. बोटं तेलाने ओली झाली.