खिशात सापडलेली चिठ्ठी

मी त्याच्यावर चिडले ती पहिल्याच मिनिटाला. आत येताना त्याचं डोकं चौकटीवर आपटलं, तोल सावरायला त्याने फळी धरली आणि बटणांची बरणी खाली आली.

"दुकान बुटक्यांसाठी आहे का?" कपाळ चोळत त्याने विचारलं.

"नाही. बघून चालणाऱ्यांसाठी."

दुकान मावशीचं, कापणं-शिवणं माझं. मावशी गालातल्या गालात हसली. तो मात्र गुडघ्यांवर बसून शेवटच्या बटणापर्यंत सगळी वेचत राहिला.

शाळेत गणित शिकवायचा. तयार शर्टाची बाही त्याला कधी पुरायचीच नाही. मी माप घेतलं, तर पसरलेले हात उंचीपेक्षाही जास्त भरले!

"मास्तर, हे हात कुणाकडून आणलेत?"

"वडिलांकडून. धाकट्या बहिणीचेही असेच आहेत," तो म्हणाला, आणि उगाचच रस्त्याकडे बघत राहिला.

पुढच्या सहा महिन्यांत त्याने सात शर्ट शिवून घेतले.

"आता आठवा कशाला?"

"सातवा धुवायला टाकला की तुम्हाला भेटायला काय घालून येऊ?"

मी खडू शोधायच्या निमित्ताने खाली वाकले... कान तापले होते.

मग त्याने एक पँट लांबी वाढवायला दिली. इस्त्रीआधी खिसे तपासायची माझी सवय. आत डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलं आहे, मार्फन सिंड्रोमचा संशय, हृदयाची तपासणी ताबडतोब करावी. तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना मी नाव न सांगता विचारलं.

"शरीर जोडून धरणारी ऊती जन्मतःच कमकुवत असते," त्या म्हणाल्या. "सांधे, डोळे, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी... सगळीकडे तीच. ती वाहिनी हळूहळू फुगू शकते. वेळेत कळलं तर औषधं आहेत, ऑपरेशन आहे. नाही कळलं तर—"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी तो आला. मी चिठ्ठी टेबलावर आपटली.

"हे काय आहे?"

त्याचं हसू मावळलं. "वडील छत्तिसाव्या वर्षी जेवता जेवता कोसळले. मी आता चौतीस. तपासलं नाही तोवर मी नुसता उंच आहे."

"आठ महिने! इथे उभा राहून मला हसवत होतास आणि खिशात हे?" मी कधी 'तू'वर आले, मलाच कळलं नाही.

"म्हणूनच तर पुढे काही बोललो नाही. उद्या लग्न, मुलं... त्यांच्यात हे उतरायची शक्यता निम्मी. तुम्हाला कशाला त्यात ओढायचं?"

"मला विचारलंस? माझं उत्तरही तूच काढून मोकळा? वर्गात असंच शिकवतोस का, गणित न सोडवता?"

त्याने चिठ्ठी उचलून तिची घडी घातली.

"आणि बहीण? तिला तरी सांगितलंस?"

"...नाही."

"मग चालता हो. तिला सांगितल्याशिवाय या दुकानाची पायरी चढू नकोस!"

तो गेला. बारा दिवस मी सगळ्यांवर खेकसत होते. एका गिऱ्हाइकाची कॉलर उलटी लावली. मावशी एवढंच म्हणाली, "जीव जडलाय म्हणून एवढी तडतड."

"जीव नाही, राग आलाय!" मी तिच्यावरही ओरडले.

तेराव्या दिवशी भर दुपारी तो बहिणीला घेऊन आला.

"ओरडणाऱ्या बाई त्या तुम्हीच का?" तिने विचारलं आणि माझे दोन्ही हात घट्ट धरले. तिचं हृदय सध्या ठीक होतं, दरवर्षी तपासायचं होतं. त्याची रक्तवाहिनी फुगलेली होती. अजून ऑपरेशनइतकी नाही. रोज गोळ्या, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

बहीण समजून-उमजून मावशीकडे कापड बघायला गेली.

"राग गेला?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"किती दिवस राहील?"

"तू जगशील तितके. म्हणून भरपूर जग."

तो बघतच राहिला. "याचा अर्थ... मी काय समजू? आणि मुलांचं—"

"ते दोघं मिळून ठरवू. आजची गोळी घेतलीस?"

"...घाईत राहिली."

"राहिली?" मी इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरचे दोघे थांबले. त्याने निमूट खिशातून गोळी काढली. मी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे धरला. त्याने तो माझ्या हातासकट धरला.

पाणी पिऊन झालं तरी ग्लासाभोवतीचा माझा हात त्याने सोडला नाही. राग अजून होताच... पण मीही हात ओढून घेतला नाही.