एक दिवस थांबलेला ओढा

"माझा नवरा पळाला न्हाई, सायेब. त्याला मारलाय. निदान मढं तरी हुडकून द्या."

हरणाबाई पाटणच्या चौकीच्या पायरीवर बसली होती. शिपाई हुसकावून थकला, तरी ती हलली नाही. शेवटी फौजदार मानसिंग घोरपडे स्वतः बाहेर आले.

तिचा नवरा बिराप्पा कोयनेच्या खोऱ्यात जंगलाचा रखवालदार होता. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, मोटारी लाकडी कोळशाच्या गॅसवर धावत होत्या. त्या कोळशापायी खोऱ्यातले डोंगर बोडके झाले होते. त्याच्या वाडीच्या माथ्यावरची भैरी देवाची राई तेवढी उरली होती. तिच्या मुळाशी उगवणाऱ्या ओढ्यावर सगळी वाडी जगत होती. चैत्रात त्या राईवरही कुऱ्हाड पडली आणि बिराप्पा नाहीसा झाला. त्याचा पितळी बिल्ला कुंभार्ली घाटाच्या वाटेवर सापडला. लाच खाऊन कोकणात उतरला, असं वाडीनं ठरवून टाकलं.

मानसिंगांनाही तसंच वाटत होतं. पण बाईचे डोळे त्यांना प्रकरण मिटवायच्या कागदावर सही करू देईनात.

वाडीत त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. बेचाळीसच्या चळवळीपासून या मुलखात खाकी दिसली की दारं लागत. नानासो पाटलांनी मात्र घोंगडं अंथरून बसवलं, ताक दिलं.

"बिल्ला कुणाला सापडला?"

"आमच्या आकारामाला. बाजाराला निघाला हुता गडी."

"राई कुणी विकली?"

"बिराप्पानंच. आवं, गेली कितीक वर्सं मी जपली ती राई! ठेकेदार नाथाजीला इचारा की."

नाथाजी कोळशाच्या भट्टीपाशी धुरात उभा होता. "रखवालदार राजी हाय, असा निरोप आला. म्हणून माणसं घातली."

"बिराप्पा स्वतः बोलला?"

"न्हाई. तोंडदेखत कवाच न्हाई."

"निरोप कुणाचा?"

नाथाजीनं भट्टीकडे पाहिलं. "याद न्हाई, सायेब."

हा माणूस घाबरलाय, मानसिंग मनाशी म्हणाले. पण कुणाला?

ओढ्यावर बयाबाई नावाची म्हातारी वाटीनं घागर भरत होती. पाण्याची धार करंगळीएवढी.

"राई तुटली न् वढा थांबला," ती म्हणाली. "थेंब न्हाई. दुसऱ्या दिशी आला, पन लय गढूळ. भैरी कोपला, दुसरं काय!"

"वर पाऊस झाला होता?"

"चैतात कसला पाऊस?"

मानसिंग थबकले. झाडं तुटून आटलेला ओढा दुसऱ्याच दिवशी परत कसा येईल? आणि पावसावाचून गढूळ कसा होईल?

ते हरणाबाईला घेऊन ओढ्याच्या कडेनं वर चढले. पाण्यातले दगड शेवाळानं काळपट होते. एका वळणावर मात्र ते पांढरे, घासल्यासारखे दिसले. मानसिंगांनी वाकून एक दगड उलटला. शेवाळ खालच्या अंगाला होतं.

त्यांनी दगड होता तसा ठेवला. हरणाबाई बघत होती.

थोडं वर ओढ्यातून एक जुना पाट फुटत होता. त्याचं तोंड ताज्या चिखलानं लिंपलं होतं. पाट खाली एका भाताच्या खाचरात उतरत होता. आजूबाजूची खाचरं करपलेली. या एकात चिखल भेगाळला होता आणि भेगांतून कोवळं गवत वर आलं होतं.

"हे खाचर कुणाचं?"

"पाटलाचं," हरणाबाई म्हणाली.

दुपारी सगळी वाडी त्या वळणावर जमली. मानसिंगांनी पाट फोडायला लावला. ओढा वळला, पात्र कोरडं पडलं. दगड उचलले, वाळू उपसली. घोंगडीचं टोक दिसलं तशी हरणाबाई खाली बसली. तिनं हंबरडा फोडला नाही. हातानंच वाळू बाजूला सारू लागली.

मानसिंग लोकांकडे वळले.

"ओढा आटला नव्हता, वळवला होता. कोरड्या पात्रात खड्डा खणला, बिराप्पाला पुरलं, वर दगड रचले आणि पाणी परत सोडलं. वाहत्या पाण्याखाली कोण शोधणार? पण घाईत दगड उलटे बसले. उकरलेली माती पाण्यात मिसळली, म्हणून ओढा गढूळ आला. आणि वळवलेलं पाणी साठलं तुमच्या खाचरात, पाटील."

"पाट कुनीबी फोडंल!" नानासो ओरडले. "म्हणून मी खुनी?"

"वाडी थेंबाला महाग झाली होती. तुमच्या खाचरात दिवसभर पाणी तुंबलं. तुम्ही कुणाला हाक का मारली नाहीत?"

मागून आकाराम रडतच पुढं आला.

"धनी म्हनाले, बिल्ला घाटात टाक. दगडं म्या उचलली. जीव मातुर धन्यानं घेतला."

"निरोप बी पाटलाचाच हुता," नाथाजी खालमानेनं म्हणाला.

नानासोंनी डोक्यावरचं पागोटं काढलं. "मी राई विकली ते त्याला कळलं. राई गेली तर वाडीचं पाणी जाईल, म्हणाला. भैरीच्या पारावर समद्यांना सांगतो, म्हणाला. हात जोडलं, ऐकंना. मग कुऱ्हाड उलटी करून तुंबा घातला डोक्यात."

शिपायांनी त्यांना खाली नेलं. बिराप्पाला राईतल्या बुंध्यांमध्येच माती दिली. लोकांनी पाट बुजवून पाणी पात्रात सोडलं, पण धार पुरी भरलीच नाही. वैशाख सरायच्या आत ती थांबली. या वेळी वरती कुणी पाणी वळवलं नव्हतं. घरामागून घर रिकामं झालं. माणसं भांडी डोक्यावर घेऊन खाली नदीकाठाला उतरली.

मानसिंग पावसाळ्यापूर्वी साक्षीसाठी पुन्हा आले, तेव्हा वर वाडीत एकटी हरणाबाई राहत होती. तोडलेल्या बुंध्यांना लालसर कोंब फुटले होते. ते शेरडांनी खाऊ नयेत म्हणून ती काठी घेऊन उन्हात बसली होती. प्यायचं पाणी तिला नदीवरून आणावं लागत होतं. त्यातलं अर्धं ती कोंबांना घालत होती.