मगनची मूठ

जळगाव स्टेशनासमोरच्या पितांबरच्या लॉजवर जे गोरे उतरत, त्यांना जळगावशी काही देणंघेणं नसे. अजिंठ्याला जायचं, लेणी पाहायची आणि परत येऊन गाडी धरायची. पाठीवर गोणीएवढी पिशवी, पायात झिजलेल्या चपला आणि आल्या आल्या पहिली चौकशी संडासाची. पितांबरला त्यांचा राग येत नसे. संध्याकाळी तो त्यांना चहा पाजी आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारी, "याआधी कुठं होतात?" मग ते खुलत. इस्तंबूलचे पूल, काठमांडूची धूळ, कुठल्या गावात कुणी पाकीट मारलं. त्याची बायको कुंदाबाई म्हणे, ह्यांचं जग बसल्या जागी बघून होतंय, तिकीट नाही की भाडं नाही.

पण पितांबर जग बघत नव्हता. तो धाकट्या भावाला शोधत होता.

मगन एकोणऐंशी साली असल्याच दोघांना अजिंठा दाखवायला म्हणून गेला आणि त्यांच्याबरोबर तसाच पुढं गेला. मुंबईहून एकदा खुशाली कळली, मग काहीच नाही. पितांबरला त्याची आठवण वेळी-अवेळी येई. केळं सोलताना येई, सायकलला हवा भरताना येई. भाऊ गेल्याचं दुःख होतंच, पण त्याची आठवण तरी कुठल्या दिशेला तोंड करून काढायची, हे कळत नसे. त्याला मगन परत हवा होता, दुसरं काही नको होतं.

एक्याण्णवचा श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं एकेक मूठ गहू काढायचे, ते एकत्र दळायचे आणि त्याच पिठाचे जाडजूड रोट करायचे. रोट भावकीबाहेर कुणाला द्यायचे नाहीत, कणही टाकायचा नाही. पितांबरची आई यशोदाबाई दरवर्षी मगनचीही मूठ काढायला लावी. वाढण्याआधी विचारी, "बठ्ठा उनात का?" सगळे आले का? आणि आपणच म्हणे, "एक बाकी शे." मग एक रोट ताटलीत झाकून ठेवी. सकाळी ताटली रिकामी असे. म्हातारी पहाटे खात असेल, असं पितांबर धरून चाले. त्यानं कधी विचारलं नाही.

यंदा गहू काढताना कुंदाबाईनं त्याला बाजूला घेतलं.

"बारा वरीस व्हयी गयात. गयेल माणूसनी मूठ कितला दिन काढानी? शिंदखेडाना आबा बी तेच सांगेत. घरमा आपला पोऱ्या शे, त्याले काही व्हयनं तं?"

शिंदखेड्याचे आबा म्हणजे तिचे वडील. बारा वर्षं पत्ता नसला की माणूस गेला असं धरतात, हे पितांबरलाही ठाऊक होतं. बाई काही वावगं बोलत नव्हती. "ऱ्हाऊ दे मंग," तो म्हणाला आणि बाहेर येऊन उगीचच कुलपांना तेल घालत बसला. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला कळणार नव्हतं. मगनच्या मुठीवाचूनच गहू दळून आले.

रविवारी दुपारी हॉलंडचं एक जोडपं आलं, यान आणि एल्स. पावसानं चिंब भिजलेले. पितांबरनं चहा दिला.

"लॉजचं नाव कुणी सांगितलं?"

"ला पाझमध्ये एकानं," यान म्हणाला. "दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हियात. मागच्या वर्षी ह्याच दिवसांत आम्ही तिथं होतो."

पितांबरनं हे नाव प्रथमच ऐकलं. एल्स हातांनी दाखवत सांगू लागली. परातीत वसलेलं शहर. मधे खोलगट आणि चारी बाजूंनी घरं वर चढत गेलेली. दिवे लागले की आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नाही. बायका डोक्यावर पुरुषी टोप्या घालतात. हवा इतकी विरळ की साधा जिना चढताना मधे बसावं लागतं. थंडी कोरडी, हाडात शिरणारी.

"आम्ही ज्या घरात उतरलो तिथं वरच्या खोलीत तुमच्याकडचा एक माणूस राहायचा," यान म्हणाला. "भला माणूस. एल्सला ताप आला तेव्हा त्यानं आपली घोंगडी दिली. पण एका रविवारी तो जिन्यावर बसून जाड पोळीसारखं काहीतरी खात होता. वाफ निघत होती. घरात चूल पेटलेली नव्हती, म्हणून मी विचारलं. तुकडा मागितला. तर नाही म्हणाला."

"आमच्या घरच्यांशिवाय कुणाला चालत नाही, म्हणाला," एल्सनं पुरं केलं. "पहिला घास त्यानं दोन्ही डोळ्यांना लावला. शेवटी बोट ओलं करून पायरीवरचे कण टिपले. रडत होता."

घास डोळ्यांना लावायची खोड लहानपणापासून मगनचीच.

"तोच म्हणाला, जळगावला ह्या लॉजवर जा, वरची खोली मागा, तिथून गाड्या दिसतात."

वरचा मजला मगन गेल्यानंतर चढवला होता.

संध्याकाळी कानबाई बसली. फुलं, दिवे, शेजारच्या बायकांची गाणी. नंतर घरची माणसं जेवायला बसली. दळलेल्या पिठात आता मूठ घालता येणार नव्हती. तिकडं तो जिन्यावर वाट बघत बसला असेल, हे त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

"बठ्ठा उनात का?" आईनं विचारलं. "एक बाकी शे. मगनना रोट काढा का?"

कुंदाबाईनं मान खाली घातली. पितांबरनं आपल्या पानातला रोट उचलून ताटलीत ठेवला.

"तुम्ही काय खाशात?" ती कुजबुजली.

"आवंदा मनी मूठ त्याना नाववर," तो म्हणाला. यंदा माझी मूठ त्याच्या नावावर. मोठ्यानं म्हणाला, देवीसमोर. मग त्याला फार हलकं वाटलं. ताटली तो स्वतः वर घेऊन गेला. गाड्यांच्या आवाजानं झोप लागेना म्हणून गोरे मागच्या खोलीत गेले होते, रुळांकडची खोली रिकामी होती. तिथं खिडकीशी ताटली ठेवून तो खाली आला.

सकाळी कानबाई विसर्जनाला नदीवर न्यायची होती. दारात वाजंत्री आली. निघण्याआधी ताटली आणावी म्हणून पितांबर जिना चढू लागला. हा जिना तो दिवसभर चढे-उतरे, कधी दम लागत नसे.

आज लागला. मधेच कठडा धरून उभं राहावं लागलं.

हवा कोरडी होती. गार होती. रात्रभर पाऊस पडत होता आणि ओलीचा वास म्हणून नव्हता.

जिन्याला आणखी एक वळण होतं. मग आणखी एक.

खोलीत ताटली रिकामी होती. कणही नव्हता.

त्यानं खिडकीतून पाहिलं. रूळ नव्हते. खाली खोलात अंधार होता आणि चारी बाजूंनी दिवे वर चढत गेले होते.

तेवढ्यात खालून, फार खालून, आईचा आवाज आला.

"उठना का रे, मगन?"

"उठनू, माय."

घोगरा झालेला, पण तोच आवाज. पितांबरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बारा वर्षं ज्यासाठी जीव तुटत होता ते झालं होतं. त्यानं हाक मारली. श्वास पुरला नाही. तो उतरू लागला. जिना उतरतच राहिला, थांबला, पायरीवर बसला.

खाली भांडी वाजली. उरलेले रोट वाढले जात होते.

"बठ्ठा उनात का?" आईनं विचारलं.

पितांबर श्वास धरून ऐकत राहिला.

"उनात, माय," कुंदाबाई म्हणाली. "आवंदा कोनीच बाकी नही."