शांततेची मोजणी

बसा जवळ. दार लोटून घ्या, वारा येतोय. ही ऐकीव गोष्ट नाही. माझा मेकॅनिक दोस्त आहे ना, त्याच्या सख्ख्या भाचीवर गुदरलेली आहे. दोस्त माझ्याशी खोटं बोलत नाही. बोललाच तर पत्ते खेळताना.

भाची पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. करत होती, शेवटचं वर्ष. प्रोजेक्टला विषय घेतला होता आवाजाचं प्रदूषण. गावाबाहेरच्या खडी क्रशरचा दिवसाचा आवाज तिचा मोजून झाला होता. मॅडम म्हणाल्या, "आता मशीन बंद असताना तिथं किती आवाज असतो तेही मोज. नाहीतर तुलना कशाशी करणार?" म्हणून फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी, रात्री साडेदहाला, मामानं तिला मोटारसायकलवरून क्रशरच्या फाटकाशी सोडलं.

"म्हणजे शांतता मोजायलाही मार्क देतात?" मामा म्हणाला. "आमच्या वेळी गप्प बसलं की नापास करायचे."

मामाला सिगारेटचा खोकला. तोही आवाज मोजायच्या मीटरमध्ये यायचा, म्हणून तिनं त्याला रस्त्याच्या वळणापर्यंत पिटाळलं. हाक मारली की तो येणार होता.

आता त्या क्रशरचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी रात्रपाळीला पट्ट्यावरच्या गड्याची बाही रोलरमध्ये अडकली. हात ओढला गेला. तो ओरडत होता आणि स्विच मालकाच्या हाताशी होता. पण भरल्या मशीनला मध्येच थांबवलं की दगड अडकतात, अख्खी रात्र वाया जाते. मालकानं आतला सगळा दगड फोडून घेतला आणि मगच स्विच पाडला. तोवर गडी संपला होता. चौकशीत मालक एवढंच म्हणाला, "मशीनच्या आवाजात मला ऐकूच आलं नाही." बघणारे दोघं होते. दोघांनाही पोट होतं.

तर भाचीनं मीटर धरला. रातकिडे, लांबचा एखादा ट्रक. आकडा चौतीस डेसिबल. तेवढ्यात ऑफिसच्या खोलीतून टॉर्च घेऊन मालकच आला.

"कोण गं तू?"

"कॉलेजची आहे, काका. आवाज मोजतेय."

"बंद मशीनचा? मग शून्य लिही आणि घरी जा."

"शून्य येत नसतं, काका. अगदी शांत रात्रीसुद्धा..."

ती थांबली. आकडा चढत होता. साठ. ऐंशी. एकशे तीन. मशीन भर जोरात चालताना दिवसा यायचा, तोच आकडा. आणि कानावर मात्र काही नाही. रातकिडेही गप्प.

मालक वाकून बघत हसला. "बिघडलंय तुझं यंत्र. ये, दाखवतो."

तिच्या तळपायांना कंप जाणवत होता. जमिनीवरची बारीक खडी उडत होती... आवाज न करता.

"काका, नका जाऊ तिकडं."

तो गेला. पट्ट्यावर हात ठेवला. "बघ. थंडगार..."

बाही ताणली गेली.

पट्टा हलत नव्हता. रोलर फिरत नव्हता. तरी हात आत चालला होता. इंच इंच. कोणी घाई नसल्यासारखं ओढावं, तसा.

मालकाचं तोंड उघडलं. मानेच्या शिरा फुगल्या. तो जिवाच्या आकांतानं ओरडत होता...

काहीच ऐकू येत नव्हतं.

तिनं मीटर पाहिला. चौतीस.

तिनं मामाला हाक मारली. पूर्ण ताकदीनं. आकडा हलला नाही.

मग ती स्विचकडे धावली. तो पाडलेलाच होता. तिनं दोन्ही हातांनी वर केला, पुन्हा खाली ओढला. लटकलीच त्याला.

...

मालक धपकन खाली पडला. रातकिडे सुरू झाले. वळणावर मामा खोकला, तो तिला स्पष्ट ऐकू आला.

मामा आला तेव्हा ती रडत होती. "मी हाक मारली होती, मामा."

"इथंच तर होतो गं. मला ऐकूच आलं नाही."



भाची पास झाली. त्या रात्रीचे आकडे तिनं प्रोजेक्टात घातले नाहीत. मॅडमना म्हणाली, मीटर बंद पडला. मालक जिवंत आहे. क्रशर विकून टाकलं त्यानं. हाताला साधा ओरखडा नव्हता. डॉक्टर म्हणतात घसा ठणठणीत आहे, पण त्या रात्रीपासून आवाज फुटलेला नाही.

आणि एक. मामानं त्याला उचललं तेव्हा टॉर्चच्या उजेडात दिसलं, तोंडावर दगडाच्या पांढऱ्या भुकटीचा पंजा उमटला होता. कोणी मागून तोंड दाबून धरावं, तसा. मामानं स्वतःच्या रुमालानं पुसला.

पुसला की जातो, असं मालकाची बायको सांगते. सकाळी उठला की पुन्हा असतो.