दुपारचा पहारा

पहिल्या भेटीतच मी त्याच्या पायावर घागर ओतली.

श्रावण होता. पळसदरीच्या विठोबाच्या देवळात सप्ता बसला होता. सात दिवस नाम थांबू द्यायचं नाही आणि वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याने घेतली, तरच पहिल्याने उंबरा ओलांडायचा. गाव शेतात बेणणीला, तण काढायला गेलं की दुपारचा पहारा कोणालाच नको असे. तो या परक्या तरुणाने मागून घेतला होता. घाटातल्या नव्या रुळांवर तो कामाला होता, एवढंच ठाऊक.

पाणी भरून परतताना मी समईत तेल घालायला येई. धुक्यात पाय अडखळला...

"सकाळीच आंघोळ झाली हाय माझी," दोन नामांच्या मधे तो म्हणाला.

"नाम घ्या. बोलू नका."

"मागून म्हनायला कोन हाय? तू म्हन."

तो "रामकृष्णहरी" म्हणे, मी तेच परत म्हणे. तिसऱ्या वेळी माझ्या मागून आणखी एका आवाजात तेच नाम आलं. लांबून, घाटाकडून. देवळात आम्ही दोघंच होतो.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुला पन ऐकू आला?"

नवरा जाऊन मला दोन वर्षं झाली होती. कोणी असं बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वेळेआधीच गेले.

"आज तेल लय जळलं वाटतं समईत," तो म्हणाला.

"वारा हाय."

"पिंपळाचं पान हलंना... आन् वारा?"

मी वात सारखी करत राहिले. कान तापले होते.

तो आवाज त्याच्या थोरल्या भावाचा, नागूचा होता. बोगदा खणताना दरड आली; नागू हाती लागलाच नाही. "एका ताटात जेवायचो आमी," तो म्हणाला. आवाज रोज जवळ येत होता. आधी घाटातून, मग ओढ्यावरून, मग पिंपळामागून. धुक्यातल्या हाकेमागे गेलेला परत येत नाही, हे आमच्याकडे लहान मूलही जाणतं. त्यालाही ते ठाऊक होतं.

सहाव्या दुपारी आवाज पायरीवर आला. आज त्या आवाजाने नाम घेतलं नाही. म्हणाला, "मालोजी, चल रं."

त्याने वीणा गळ्यातून काढून माझ्यापुढे धरली. "सुंदरा, घे. भावाला बघून येतो."

मी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नाय घेनार."

"बाईला चालत नाय म्हनून?"

"ते मी देवाला इचारीन. तुमाला जाऊ देनार नाय."

"वीणा खाली ठेवता येत नाय मला."

"म्हनूनच तर."

पायरीवरून पुन्हा हाक आली. त्याचं एक पाऊल उंबऱ्यावर गेलं. नाम थांबलं होतं. मीच मोठ्याने म्हटलं, "रामकृष्णहरी." मग रडत रडत त्याने पाऊल मागे घेतलं आणि माझ्यामागून नाम धरलं. पुढच्या पहाऱ्याचा धाकलू शेतातून चिखलाच्या पायांनी येऊन वीणा घेईपर्यंत आम्ही थांबलो नाही.

बाहेर धुकं उठलं होतं. पायऱ्यांवर धाकलूच्या चिखलाशेजारी आणखी कोणाची ओली पावलं होती. चढत आलेली. उतरलेलं एकही नव्हतं.

"राग आला?" मी विचारलं.

"आला." बराच वेळ तो पावलांकडे बघत होता. "वीणा घेतली नायस... उद्या सप्ता उठंल. हात तरी घेशील का माजा?"

"इचारायला सहा दिस लावले," मी म्हटलं.

दिवाळीनंतर आमचा पाट लागला. बत्तीस वर्षं त्याच्या मागून नाम म्हटलं. गेल्या मार्गशीर्षात तापाने तो गेला.

औंदा सप्त्यात दुपारचा पहारा मी मागितला. म्हातारीला कोणी नाही म्हटलं नाही. वीणा गळ्यात घेतली. बाहेर तसंच धुकं. मी नाम घेतलं, आणि मागून दोन आवाज आले.

एक पिंपळापाशीच थांबला. दुसरा पायरीवर आला.

"आज तेल लय जळलं वाटतं समईत," तो म्हणाला. मग हळूच, "सुंदरा... चल."

माझं पाऊल उचललं होतं. मी वीणा घट्ट धरली.

"थांबा थोडं," मी म्हटलं. "वीणा खाली ठेवता येत नाय मला."

बाहेर कोणीतरी हसल्यासारखं झालं. मग पायरीवर बसल्याचा आवाज आला.