सहावं पान

लिहिणाऱ्याला दमवायचं, ही मुटिंटाची जुनी रीत. एन्डोला शहरातल्या सरकारी प्रयोगशाळेत हस्ताक्षरं तपासता तपासता तिचे केस पिकायला आले होते. पहिल्या पानावर कुणीही सोंग आणतं. सहाव्यापर्यंत हात थकतो, सोंग गळतं आणि खरं अक्षर उघडं पडतं.

त्या दुपारी समोर बाना म्वापे बसली होती, म्हणजे म्वापेची आई. तिचा नवरा कपाम्ब्वे डावखुरा सुतार. चार महिन्यांपूर्वी वारला. मृत्युपत्रात त्याने घर बायकोच्या नावे केलं होतं. ते हिनेच खरडलंय, अशी दिराची तक्रार. तसं ठरलं असतं तर घर गेलंच असतं, वर तुरुंगही.

मुटिंटा इंग्रजीत मजकूर सांगत गेली, बाई उजव्या हाताने लिहीत गेली. अक्षर कसलं, कोंबडीचे पाय! पाच पानं तशीच. मुटिंटाला मनातून बरं वाटलं. तरी नियम म्हणून तिने सहावं पान पुढे सरकवलं.

तेवढ्यात वीज गेली, पंखा थांबला. खोलीत ताज्या कापलेल्या लाकडाचा वास भरला. मुटिंटाने खिडकीबाहेर डोकावून पाहिलं. करवत कुठेच चालू नव्हती. मागे पेनाची खरखर मात्र चाललेली.

"बाना म्वापे, मी अजून काही सांगितलं नाही..."

"मला वाटलं तुम्हीच सांगताय, मॅडम... हळू आवाजात."

पानावर दाबून लिहिलेलं, वळणदार अक्षर होतं. थेट मृत्युपत्रातलं. 'घर माझ्या बायकोचं आहे', एवढंच, ओळीमागून ओळ. मुटिंटाने भिंग लावलं. इंग्रजी टी अक्षराची आडवी रेघ दर वेळी उजवीकडून डावीकडे ओढलेली, डावखुऱ्याची.

बाई पानाकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"हा जन्मभर असाच. मदतीला यायचा... आणि असलेलं काम बिघडवून ठेवायचा."

मुटिंटाने तिला घरी पाठवलं आणि खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. हे पान न्यायालयात गेलं की बाई खोटी ठरणार, आणि खरं सांगितलं तर मुटिंटा वेडी. आजवर तिने एकही चिठोरं लपवलं नव्हतं. संध्याकाळी तिने पाच पानांवरच अहवाल लिहिला, मृत्युपत्र बाईने लिहिलेलं नाही म्हणून. सही ठोकली. सहावं पान घरी नेऊन शेगडीत घातलं.

सकाळी अहवाल पाठवण्याआधी, सवयीने, तिने स्वतःच्या सहीवर भिंग धरलं. मुटिंटा या नावात टी दोनदा येतो. दोन्ही आडव्या रेघा उजवीकडून डावीकडे गेल्या होत्या.

ती जन्माची उजव्या हाताची. तो अहवाल आपणच लिहिला, हे आता तिला शपथेवर सांगता आलं नसतं.