भिंतीकडची खुर्ची

मंगळवारी दुपारी तीनच्या खेळाला ती आत शिरली, तर तिच्या खुर्चीवर एक माणूस बसलेला.

तिची खुर्ची म्हणजे ‘ई’ ओळीतली, उजव्या भिंतीला चिकटून असलेली शेवटची. ती डोळे तपासायचं काम करायची ते मामाचं चष्म्याचं दुकान मंगळवारी बंद असायचं आणि पुलाजवळच्या या जुन्या थिएटरात मंगळवारी दुपारी चिटपाखरूही नसायचं. मैत्रिणी नवा सिनेमा शुक्रवारीच, सहा पडद्यांच्या नव्या थिएटरात जाऊन बघायच्या आणि सोमवारी दुकानात येऊन शेवट सांगून मोकळ्या व्हायच्या. ती हसून घ्यायची. मग मंगळवारी एकटीच येऊन तोच सिनेमा, तोच शेवट, भिंतीकडच्या खुर्चीवरून बघायची.

यामागे कारण होतं आणि ते घराबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. सात वर्षांची असताना आलेल्या तापात तिचा उजवा कान गेला होता. डावा ठणठणीत होता. उजवीकडे भिंत आली की सगळं जग डावीकडे येतं, कुणी नको त्या बाजूने बोलत नाही, म्हणून ती खुर्ची. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी लग्नाची बोलणी चालली होती. कानाचं कळल्यावर त्या लोकांनी मध्यस्थापाशी विचारलं होतं, मुलगी छान आहे हो, पण हाक कुठल्या बाजूने मारायची? आणि म्हणे हसले होते. तेव्हापासून आईने बजावून ठेवलं होतं, लग्न होईपर्यंत या विषयाची वाच्यता नको.

तर, खुर्चीवर माणूस. तिने तिकीट पुढे केलं. त्यानेही आपलं काढलं.

“एफ सोळा,” तो म्हणाला. “बरोबर बसलोय की.”

“ही ई आहे.”

त्याने वाकून पायरीवरचं अक्षर बघितलं. मग आणखी वाकला… मग जवळजवळ गुडघ्यावरच आला.

“अरेच्चा. खरंच ई आहे.”

“डोळे तपासून घ्या एकदा,” ती म्हणाली. धंद्यातल्या माणसाची सवय, दुसरं काय.

तो निमूटपणे मागच्या ओळीत गेला. पण मध्यंतरात चहाचे दोन कप घेऊन आला आणि एक तिच्यापुढे धरून म्हणाला, की राग मानू नका, पण तुम्ही या थिएटरातली सगळ्यात वाईट जागा निवडली आहे. तो थिएटरांचे आवाज लावणारा होता. कुठला भोंगा फाटलाय, कुठला जास्त ओरडतोय, हे शोधत गावभर हिंडायचं, हेच त्याचं काम. तिच्या डोक्यावर उजवीकडे लावलेला तो काळा खोका तर नुसता घुमत होता म्हणे. त्याची तक्रार आली म्हणूनच तो आज तिकीट काढून आला होता.

“तुम्हाला त्रास नाही होत?” त्याने विचारलं.

तिला तो खोका कधी ऐकूच आला नव्हता. “सवय झाली,” ती म्हणाली आणि चहात तोंड घातलं.

गुरुवारी तो तिच्याकडून घेतलेल्या पत्त्यावर, मामाच्या दुकानात हजर. तिने त्याला खुर्चीत बसवलं, चाचणीची जाड गोल फ्रेम नाकावर चढवली आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. वरच्या तीन ओळी त्याने झोकात वाचल्या. चौथीपाशी थांबला.

“इथून पुढे काय आहे?” तिने विचारलं.

“मुंग्या.”

ती हसू दाबत भिंगं बदलत राहिली. आता बरं की आधी बरं? आता. आणि आता? आधी… नाही, आता. ते भिंग बसवताना तिचा हात त्याच्या कानाला लागला. मग शेवटच्या भिंगाबरोबर सगळ्या मुंग्यांची अक्षरं झाली. पण तो पाटीकडे बघत नव्हता.

“पाटी तिकडे आहे,” ती म्हणाली.

“दिसली. आता सगळंच दिसतंय.”

काउंटरवर मामा उगाचच मोठ्याने खोकला.

इतकी वर्षं सिनेमे कसे बघितलेत, असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला की बघतो कोण, मी तर ऐकायला जातो. नवा चष्मा लावून त्याने पहिला सिनेमा बघितला तो तिच्या शेजारी बसून, पुढच्याच मंगळवारी. मध्यंतरापर्यंत लहान मुलासारखा पुटपुटत होता. नायिकेच्या हनुवटीवर तीळ आहे. मागच्या झाडाची पानं वेगवेगळी दिसतात. तिने तो सिनेमा कमी आणि त्याला जास्त बघितलं.

मग मंगळवार दोघांचे झाले. सिनेमा कुठला यावर त्यांचं कधीच वाजलं नाही. कुठे आणि कसा बघायचा, यावर मात्र दर वेळी वाजायचं. त्याचं म्हणणं, सिनेमा पहिल्याच दिवशी बघावा, भरल्या थिएटरात. तीनशे माणसं एकदम हसली की तो हशासुद्धा सिनेमाचाच भाग होतो. तिचं म्हणणं, तीनशे माणसं हसली की पुढची दोन वाक्यं बुडतात, त्याचं काय? तो म्हणायचा, बसायचं तर मधोमध बसावं, मागून एक तृतीयांश अंतरावर, सगळे आवाज तिथे येऊन भेटतात. डोळे तपासणारी बाई पडदा तिरका बघते, हे कुणाला सांगून खरं वाटेल?

ती कारणं द्यायची. बाहेर पडायला सोपं जातं. मान अवघडत नाही. डोकं भिंतीला टेकवता येतं. एकदा म्हणाली, “भिंतीशी माझं जुनं नातं आहे.”

“आणि या बाजूला?” त्याने आपल्या खुर्चीच्या दांड्यावर बोट वाजवलं.

“या बाजूचं अजून… तपासणं चालू आहे,” ती म्हणाली. आणि घरी जाताना तिला चारदा हे आठवून हसू आलं.

त्याला सांगून टाकावं, असं तिला बऱ्याचदा वाटायचं. जिभेच्या टोकावर यायचं. पण मग ते हसणारे लोक आठवायचे. शिवाय हा माणूस कानाचा धनी. त्याचं सगळं जग दोन्ही कानांनी भरलेलं. त्याला कसं सांगायचं, की तुझ्या जगातलं अर्धं मला पोचतच नाही?

अशात सहा पडद्यांच्या थिएटरातला सगळ्यात मोठा पडदा त्याच्याकडे कामाला आला. आवाज नव्याने लावायला तीन दिवस तो तिथेच मुक्काम ठोकून होता. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, मोठा सिनेमा लागायचा होता. त्याने तिला फोन केला आणि म्हणाला की मधोमधच्या दोन खुर्च्या काढल्यात. एकदाच, फक्त एकदाच माझ्या जागेवरून बघा.

नाही म्हणायला तिचा जीवच झाला नाही. मामाला सांगून अर्धी सुट्टी काढली. दारात पोचली तेव्हा भुरभुर पाऊस पडत होता आणि तो छत्री न उघडता हातात धरून उभा होता, चष्म्यावर थेंब घेऊन. तिने आपल्या ओढणीने काचा पुसून दिल्या. तेवढा वेळ तो श्वास रोखून उभा राहिला.

आत त्याने मोठ्या अदबीने तिला पुढे घातलं आणि आपण मागोमाग आला. ओळीत डावीकडून शिरले असते तर बरं झालं असतं. पण शिरले ते उजवीकडून. तो तिच्या उजव्या हाताला बसला. जागा बदलू या, एवढंच म्हणायचं होतं. पण का, असं त्याने विचारलंच तर? दिवे गेले, आणि ती गप्प राहिली.

थिएटर खच्चून भरलं होतं. डावीकडची बाई सगळा वेळ पाकीट कुरकुरवत होती आणि तिच्या चांगल्या कानात तेवढंच भरत होतं. उजवीकडून त्याचं काही येत नव्हतं. मध्यंतरानंतर कधीतरी, पडद्यावर शांतता असताना, तो तिच्या बाजूला कलला. काहीतरी बोलला. तिला फक्त हालचाल कळली, आणि गालापाशी थोडी ऊब. त्याला काय विचारायचं? काय म्हणालात, असं विचारावं, तर तो पुन्हा तिथूनच बोलणार.

तिने आयुष्यभर केलं तेच केलं. छान हसली, मान डोलावली आणि पडद्याकडे बघत राहिली.

बाहेर पडताना तो फार सभ्यपणे वागला. सिनेमा आवडला का, विचारलं. रिक्षा करून दिली. पुढच्या मंगळवारी तो आला नाही. तिने फोनवर निरोप पाठवून विचारलं, तर त्याने लिहून पाठवलं की जरा गडबडीत आहे. त्या मंगळवारी तिने कुठला सिनेमा बघितला, हे तिला दुसऱ्या दिवशी सांगता आलं नसतं.

गुरुवारी तो दुकानात आला, चष्म्याची दांडी सैल झाली होती म्हणून. स्क्रू आवळता आवळता मामाने सहज चौकशी केली, तेव्हा कळलं की तो शनिवारी दुसऱ्या शहरात चाललाय. तिथे सात थिएटरांचं काम होतं. सहा महिने तरी, कदाचित पुढेही तिथेच.

“मला बोलला नाहीत,” ती म्हणाली. आवाज साधा ठेवायचा तिने फार प्रयत्न केला.

तो तिच्याकडे बघतच राहिला. “बोललो की. त्या दिवशी. विचारलं होतं मी… की जाऊ का? तुम्ही थांब म्हणालात तर थांबतो, म्हटलं होतं. तुम्ही हसलात, मान हलवलीत. जा म्हणालात.”

दुकानात एक म्हातारे गृहस्थ फ्रेमा निवडत होते. मामाचा स्क्रू हातात राहिला. तिला वाटलं, आता हसावं आणि वेळ मारून न्यावी. हसणं तर ओठांवर तयारच होतं.

“मला ऐकू आलं नव्हतं,” ती म्हणाली. “तुम्ही उजवीकडे होतात. माझा उजवा कान नाही चालत. लहानपणापासून.”

मामाने हळूच त्या गृहस्थांना दुसऱ्या काउंटरकडे नेलं.

आता तो तेच विचारणार, हाक कुठल्या बाजूने मारायची, अशी तिने मनाची तयारी केली.

“म्हणजे,” तो म्हणाला, “मी तीन दिवस खपून लावलेला आवाज… तुम्ही अर्धाच ऐकलात?”

“अर्ध्याहूनही कमी. बाजूची बाई खात होती.”

“आणि तरी आवडला म्हणालात.”

“तुमच्या तोंडाकडे बघून म्हटलं.”

तो खुर्चीत बसला. चष्मा मामाकडेच होता; त्याने नुसतेच डोळे चोळले. आपण इतके आठवडे त्या भिंतीवरून तिची थट्टा केली, याची त्याला लाज वाटत होती. आवाजाचा एवढा मोठा जाणकार, आणि शेजारच्या खुर्चीवर काय ऐकू जातंय हेच मला कळलं नाही, असं तो म्हणाला. तिने त्याला मध्येच थांबवलं. दया नको होती तिला. आणि तो नुसता अपराधी होऊन बसावा, हे तर मुळीच नको होतं.

“थांबा म्हणणार नाही मी,” ती म्हणाली. “सात थिएटरं कोण सोडतं? जा. पण ‘जा’ म्हणजे ‘जा आणि गेलात ते गेलात’ असं नाही. एवढं तरी नीट ऐका.”

“ऐकलं,” तो म्हणाला. “दोन्ही कानांनी.” आणि मग दोघंही एकदमच हसले.

तो गेला. दर मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी त्याचा फोन यायचा. त्या दिवशी तिने काय बघितलं, किती वाक्यं बुडली, सगळं विचारायचा. बोलण्यातलं ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही. आपल्या कामाबद्दल मात्र तो मोघमच बोलायचा. मग तिसऱ्या महिन्यात एक जाड पाकीट आलं. आत सात कागद होते, सात थिएटरांचे नकाशे, हाताने काढलेले. प्रत्येकात खुर्च्यांचे चौकोन, आणि बऱ्याच चौकोनांत बारीक अक्षरांत शेरे. ‘इथे संवाद स्वच्छ.’ ‘इथे पंखा घरघरतो.’ ‘इथे पुढचा उंच असला तर पंचाईत.’ प्रत्येक नकाशात एकाच चौकोनाला लाल रंग दिलेला. सोबत चिठ्ठी: ‘उजव्या कानात कापूस घालून सगळीकडे बसून बघितलं. पाचव्या थिएटरातली सर्वांत चांगली. भिंतीकडची नाही. ये आणि बघ.’

ती ते कागद घेऊन आईकडे गेली. आईने एकेक उलटून बघितला. त्याला सगळं सांगितलेलं आहे का, हे आईने विचारलं नाही. कागदांनीच सांगितलं होतं.

“सातही थिएटरांत?” आई म्हणाली. “कापूस घालून?”

“हो.”

आईने कागद नीट एकावर एक लावले, कडा जुळवल्या, आणि पदर डोळ्याला लावून म्हणाली, सकाळची पहिली गाडी पकड, म्हणजे उजेडी पोचशील.

पाचव्या थिएटरात तो तिला पायऱ्यांवरून घेऊन गेला. लाल चौकोन मधोमधपासून चार खुर्च्या उजवीकडे होता. आजूबाजूला माणसं होती, शुक्रवार होता, नव्या सिनेमाचा पहिलाच खेळ होता. ती बसली. तो डावीकडे बसला. दिवे उतरले, आणि पडद्यावरून पहिलं वाक्य आलं, स्वच्छ, एकही अक्षर न सांडता. मागून हशा उठला आणि तिला कळलं की भरल्या थिएटरातला हशा तिला इतका पूर्ण कधीच ऐकू आला नव्हता.

तो कलला. “माझ्याशी लग्न करशील?”

ती पडद्याकडेच बघत राहिली. “काय म्हणालास?”

तो घाबरला. आणखी जवळ सरकला आणि जरा मोठ्याने म्हणाला. पुढच्या ओळीतल्या आजीबाई वळल्या. त्यांच्या शेजारचे आजोबा वळले.

“अहो बाई, हो म्हणा आता,” आजी म्हणाल्या. “आम्हाला पुढचं बघू द्या.”

ती हो म्हणाली. पहिल्या वेळेसच तिला सगळं नीट ऐकू गेलं होतं. पण असलं वाक्य एकदाच ऐकून कुणाचं भागतं?